नंतर बघू, म्हणजे किती नंतर?

सोलापुरात नवा धंदा काढणाऱ्या कुणालाही ‘नाव आधी नोंदवून घे’ असं सांगून बघा. उत्तर ठरलेलं असतं: ‘आधी माल तर खपू दे की बे, नावाचं बघू नंतर.’ हे म्हणणारी माणसं आळशी नसतात. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणारी, पैपैचा हिशेब वहीत लिहिणारी असतात. म्हणून त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही.

पाउच छापून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या गोदामात मी मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले रोल पाहिले. शेंगा चटणीचे. लाल-पिवळा रंग, उखळ-मुसळाचं चित्र आणि वर ठसठशीत नाव. एका काकूंनी घरातून सुरू केलेला धंदा नुकता कुठे दुकानांतून दिसू लागला होता. पण तेच नाव दुसऱ्या शहरातल्या कुणीतरी आधीच नोंदवून ठेवलं होतं. वकिलाची नोटीस आली तेव्हा रोल छापून तयार. पाच रंगांच्या छपाईचे पाच सिलिंडर, तेही बाद. भंगारात घालावेत तर लॅमिनेशन म्हटल्यावर भंगारवालाही नाक मुरडतो. त्या काकूंनी आता दुसरं नाव घेतलंय. पण गिऱ्हाईक अजून जुन्याच नावाने चटणी मागतं आणि दुकानदार जी हाताला लागेल ती देतो.

पहिला आक्षेप खर्चाचा. नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरला, तर एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये सरकारी शुल्क पडतं, इतरांना ९,०००. वकिलाची फी वेगळी. नोंदणी दहा वर्षं चालते आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येतं. पाच सिलिंडरांचं बिल याच्या कितीतरी पुढे जातं, आणि ते द्यायला कुणी ‘नंतर बघू’ म्हणत नाही. उद्घाटनाला मंडप, बँड, पेढे, सगळं होतं. काटकसर नेमकी नावापाशी आठवते.

दुसरा आक्षेप गैरसमजातून येतो. ‘आमच्याकडे गुमास्ता आहे, जीएसटी आहे, उद्यम आहे, अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर आहे. सरकारदरबारी नाव लागलंय की!’ लागलंय, पण नावावरचा हक्क म्हणून नाही. गुमास्ता दुकानाचा, जीएसटी कराचा, अन्नपरवाना स्वच्छतेचा. ही कागदपत्रं देताना तुमच्या नावासारखं दुसरं नाव देशात कुणी आधी घेतलंय का, हे व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत कुणी तपासत नाही. कंपनी काढताना नाव मंजूर झालं, तरी मालाच्या पाकिटावर ते निर्धास्त वापरता येईल असं नाही. मालावरच्या नावाचा हक्क व्यापारचिन्ह कायदा, १९९९ ठरवतो, आणि त्याची नोंदवही वेगळी आहे. ती घरबसल्या, फुकट शोधता येते. नाव पक्कं करण्याआधी ते तिथे टाइप करून बघायला दहा मिनिटं लागतात. इंग्रजी स्पेलिंग बदलून, उच्चार फिरवूनही बघावं, कारण कायदा कानाला सारखं वाटणारं नावही सारखंच धरतो.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे, आणि तो बहुधा चार बुकं वाचलेल्या पुतण्याकडून येतो: ‘कायद्यात आधी वापरणाऱ्याला संरक्षण आहे. नोंदणी नसली तरी काय बिघडतं?’ पुतण्याचं अर्धं खरं आहे. कलम ३४ प्रमाणे जो आधीपासून सातत्याने नाव वापरतोय, त्याला नंतर आलेला नोंदणीधारक हटवू शकत नाही. पण ‘आधीपासून’ आणि ‘सातत्याने’ हे सिद्ध कशाने करायचं? बिलांनी, जाहिरातींनी, विवरणपत्रांनी. पहिली तीन वर्षं ज्यांनी कच्च्या पावतीवर माल विकला, त्यांनी न्यायालयात काय दाखवायचं, वहीचा फाटका कोपरा? शिवाय ही ढाल आहे, तलवार नव्हे. तुम्ही स्वतः टिकाल एवढंच. दुसऱ्याला रोखायचं तर वेगळाच खटला लढावा लागेल.

पुण्यातलं बर्गर किंगचं प्रकरण या पुतण्याला वाचायला द्यावं. पुण्यातलं हे रेस्टॉरंट १९९२ पासून त्या नावाने चालत होतं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीचं पहिलं भारतीय दुकान २०१४ मध्ये उघडलं, पण नावाची भारतातली नोंदणी तिने १९७९ मध्येच करून ठेवली होती. तिचा दावा २०११ चा. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला, तेव्हा ‘छोट्याने मोठ्याला हरवलं’ म्हणून सगळीकडे टाळ्या पडल्या. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या रेस्टॉरंटला ते नाव वापरायला मनाई केली; ती मनाई २०२५ मध्ये स्थगित झाली. म्हणजे तेरा वर्षं भांडून, खालच्या न्यायालयात जिंकून, पुन्हा पाटी झाकायची वेळ आली होती. कोण बरोबर, हे न्यायालयं ठरवतील. मला दिसतात ती तेरा वर्षं.

आता चौथा आक्षेप. हा अस्सल सोलापुरी आहे आणि याच्यापुढे मलाही थोडं थांबावं लागतं. ‘आपल्या चादरीला जीआय मिळालं, काय झालं? पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातोच की!’ खरं आहे. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातली ती पहिलीच मानांकनं. तरी रेल्वेने देशभर फिरा, कुठल्याही स्टेशनाबाहेर ‘सोलापुरी’ म्हणून हलकी, दोन धुण्यांत पिंजणारी चादर मिळते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग बंद पडत गेले, त्यात या नकलीचा वाटा नाही असं कोण म्हणेल?

पण यातून निष्कर्ष चुकीचा काढला जातो. जीआय हे सगळ्यांचं नाव आहे. ‘सोलापुरी’ या शब्दावर मालकी गावाची. कुण्या एकाची नाही आणि होऊही शकत नाही. भौगोलिक मानांकनाचा कायदा असं नाव एकट्याचं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवू देत नाही. पण जे सगळ्यांचं, त्यासाठी कोर्टाची पायरी चढायला पुढे कोण येतो? व्यापारचिन्हाचं तसं नसतं. नक्कल झाली की एकाच माणसाचा खिसा फाटतो, आणि ज्याचा खिसा फाटतो तो उठतो.

आणि उठल्यावर कुठे जायचं, इथे नोंदणीचा खरा उपयोग कळतो. नाव नोंदलेलं नसेल, तर नक्कल करणारा जिथे बसतो किंवा नकली माल जिथे खपतो, तिथल्या न्यायालयात जावं लागतं. तुम्ही सोलापूरचे, तो हरियाणातला. दर तारखेला तिकडे कोण जाणार? नोंदणी असेल तर कलम १३४ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्याच जिल्हा न्यायालयात दावा टाकता येतो. म्हणजे त्याने सोलापूरला यायचं. कायद्याच्या पुस्तकातली ही एक ओळ सोलापूरच्या कारखानदाराला सगळ्या भाषणांहून जास्त उपयोगाची आहे, आणि ती मी व्यापाऱ्यांच्या एकाही बैठकीत ऐकलेली नाही. नकली चिन्ह लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैदेची आणि पन्नास हजार ते दोन लाख दंडाची तरतूद आहे. व्यापारचिन्ह निबंधकाचं मत घेऊन पोलीस उपअधीक्षक वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतात. ही कारवाई आपोआप होत नाही, मागे लागावं लागतं. पण मागे लागायला हातात काहीतरी हवं ना?

मग नोंदवायचं काय? सोलापुरी चादर लोक आडनावाने ओळखतात: चाटला, पुलगम. जुन्या घरांनी पिढ्या घालवून आडनावाचं चिन्ह केलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र आडनावावर विसंबू नये. प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला कायदा अडवत नाही, आणि तुमचा चुलतभाऊही त्याच आडनावाचा असतो. भाऊबंदकीला जमिनीचा बांधच लागतो असं नाही. बांधकाम व्यवसायातल्या लोढा बंधूंचं नावावरचं भांडण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिलमध्ये मध्यस्थीने मिटलं. त्यांच्याकडे मध्यस्थ आणायला पैसा होता. ‘स्पेशल’, ‘शुद्ध’, ‘चविष्ट’ असल्या शब्दांचंही तेच. मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दावर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. नाव असं हवं, की ऐकणाऱ्याने ‘हे काय नवीन?’ म्हणावं. आजीचं लाडाचं नाव, शेताचं नाव, अगदी मनाने घडवलेला शब्दही चालेल.

वर्गही नीट निवडावा. चादर-टॉवेल चोविसात, शाळांचे युनिफॉर्म पंचविसात, चटणी आणि कडक भाकरी तिसात, खाणावळ त्रेचाळिसात. चटणीचं नाव पंचविसात नोंदवून निश्चिंत झोपलेला माणूस मी पाहिलाय. नाव एकट्याच्या नावे घ्यायचं की भागीदारीच्या, हे घरात बसून, सगळे हसत असताना ठरवावं; नंतर ते वकिलांच्या खोलीत ठरतं.

सगळ्यांनीच हे करावं असं माझं म्हणणं नाही. पार्क चौकात गाडा लावणाऱ्याला, ज्याची गिऱ्हाइकं त्याला तोंडाने ओळखतात, त्याला मी अर्ज भरायला लावणार नाही. पण ज्याचा माल पाकिटात बंद होऊन मालकाशिवाय प्रवास करणार आहे, त्याच्या मालाची ओळख पाकिटावरच्या नावाएवढीच असते.

वेळ लागतो, ही तक्रारही ऐकू येते. लागतो. परीक्षकाची हरकत येते, मग जर्नलमध्ये जाहिरात, मग कुणी विरोध करतंय का म्हणून चार महिने थांबायचं. पण प्रमाणपत्र कधीही येवो, हक्क मोजला जातो अर्जाच्या तारखेपासून. तोवर नावापुढे ‘टीएम’ लावता येतं. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावला तर दंड. लवकर येणाऱ्याची बाजू केवढी भक्कम होते, हे टोयोटालाही कळलं. ‘प्रियस’ ही गाडी तिने १९९७ मध्ये जपानात आणली. दिल्लीच्या एका सुट्या भागांच्या कंपनीने तेच नाव २००१ पासून वापरलं आणि २००२ मध्ये नोंदवलं. टोयोटा २००९ मध्ये न्यायालयात गेली. २००१ च्या आधी भारतात हे नाव गाजलेलं होतं याचा पुरेसा पुरावा नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निकाल दिल्लीच्या कंपनीच्या बाजूने दिला.

चटणीवाल्या काकूंचं नवं नाव त्यांचा मुलगा मागच्या महिन्यात माझ्यासमोर भरत होता. अर्जात एके ठिकाणी तो अडला. नाव कधीपासून वापरता, असा रकाना होता. ‘नव्या नावाचं अजून एक पाकीटसुद्धा बाहेर गेलं नाही, तारीख काय टाकू?’ खाली दुसरा पर्याय होता: वापरण्याचा विचार आहे. त्याने त्यावर खूण केली आणि रोलची ऑर्डर द्यायला फोन उचलला. काकू आतून म्हणाल्या, ‘थांब रे, आधी पावती येऊ दे.’