जातं गेलं, ओवी तरी जपा!

गावात गिरणी आली अन् पहाटेचं जातं थांबलं. जात्याबरोबर ओवीही थांबली. पण ती पार बुडाली नाही. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. अनेक ओव्या मोबाइलवर ऐकताही येतात. एकदा ऐकून तर बघा.

मग आपल्या गावच्या ओव्यांचं काय? त्या आहेत ऐंशीच्या घरातल्या आजींच्या ओठांवर. उद्याचं कोणी सांगावं? दिवसभर गाणी वाजवणाऱ्या मोबाइललाच घटकाभर ऐकायला बसवा. आजीला विचारून, पंखा-टीव्ही बंद करून ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीला तिचं नाव, गाव, तारीख बोलून घ्या. एकाच फोनवर विसंबू नका. तो बिघडला की आवाजही गेला. दुसरी प्रत शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या संगणकात ठेवा.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी अन् गुरुजींनी मनावर घेतलं, तर यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागते ती एक मोकळी दुपार. ती या आठवड्यातच काढा.