दुकान कुणाच्या नावावर?

दर बुधवारी दुपारी खडकवासल्यात आमचं सल्ला केंद्र भरतं. केंद्र म्हणजे एका खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि एक रजिस्टर. मारहाण, पोटगी, रेशनकार्डावरून काढलेलं नाव अशा तक्रारी घेऊन बायका येतात. बाईचं म्हणणं ऐकून घेतलं की तिचं काय काय सासरी अडकलंय याची आम्ही यादी करतो. दागिने, भांडी, शिलाई मशीन, मुलांचे दाखले. गेल्या वर्षी एका बाईने अशी यादी सांगून झाल्यावर शेवटी म्हटलं, "आणि ताई, माझं पेज."

मला आधी कळलंच नाही. पेज म्हणजे तिच्या ब्युटी पार्लरचं समाजमाध्यमावरचं पान. आमच्या रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. तो का असायला हवा, हे सांगण्यासाठी हा लेख.

तिची हकीगत तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपतच सांगते. लग्नानंतर तिने ब्युटिशियनचा कोर्स केला आणि घराच्या पुढच्या खोलीत पार्लर सुरू केलं. आरसा, एक खुर्ची, वॅक्सचा हीटर, दारावर पाटी. गल्लीतल्या मुली आयब्रो करायला यायच्या, श्रावणात मंगळागौरीच्या मेहंदीसाठी गर्दी व्हायची, किरकटवाडी-नांदेडच्या नव्या सोसायट्यांतून बायका यायच्या. गिऱ्हाईकाचं नाव, फोन आणि काय केलं ते ती एका वहीत लिहून ठेवायची. २०२० साली टाळेबंदीत सगळं ठप्प झालं. पुढे नवऱ्याने पेज उघडून दिलं. नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. पेज चाललं. हडपसर, चिंचवडहून नवरीच्या मेकअपच्या ऑर्डरी येऊ लागल्या. रस्त्याच्या कामात पाटी निघाली ती परत लावली नाही. वही मागे पडली. "आता सगळं मोबाइलवरच," असं ती अभिमानाने सांगायची.

मग एका रात्रीच्या मारहाणीनंतर ती मुलांना घेऊन माहेरी आली. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदललेला होता. पेजवर मजकूर आला, 'पार्लर कायमचे बंद.' दिवस ऐन लग्नसराईचे. नवरीच्या ऑर्डरी घेतलेल्या, काहींकडून आगाऊ रक्कमही घेतलेली. पण नावं, पत्ते, तारखा सगळं त्या पेजच्या निरोपांत. कुणाला कळवावं हेही तिला कळेना. मारहाणीचं तिने सरळ आवाजात सांगितलं. पण "लोक मला फसवी म्हणत असतील," हे तिला फार लागलं होतं. हात तिचे, कसब तिचं, सहा-सात वर्षांची मेहनत तिची. दुकान मात्र एका रात्रीत दुसऱ्याचं झालं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जमीन बाई कसते, सातबारा कुणाच्या नावावर? घर बाई सांभाळते, खरेदीखत कुणाच्या नावावर? शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली ती याच प्रश्नातून. नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा, असा तिचा आग्रह होता. महाराष्ट्राने १९९४ साली पहिलं महिला धोरण आणलं. त्याच वर्षी मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणारा कायदा केला. देशभरासाठी तो २००५ साली झाला. जे राबून उभं केलं ते आपल्या नावावर असावं, एवढंच आपण इतकी वर्षं मागत आलो. आता मालमत्तेचं रूप बदललंय. छोट्या धंद्याची खरी मालमत्ता म्हणजे गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाचा विश्वास. तो कुठे नोंदलेला आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, हे विचारायला आपण अजून शिकलेलो नाही.

किल्ली नवऱ्याकडे का जाते, याचं उत्तर आकड्यांत सापडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल १०० पैकी ५४ बायकांकडेच होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका १०० पैकी ३३, पुरुष ५७. फोन घरचा, सिमकार्ड नवऱ्याच्या आधारवर, पासवर्ड मुलाला पाठ, अशी पुष्कळ घरं मी पाहते. प्रेमाचे दिवस असतात तोवर यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण नवरा चांगला असला, पासवर्ड बाईच्याच हातात असला, तरी प्रश्न सुटत नाही. समाजमाध्यमावरचं पान ही भाड्याचीसुद्धा जागा नाही. भाडेकरूला निदान करार असतो, घरमालक सामान रस्त्यावर टाकायला आला तर कोर्ट असतं. इथे अटी कंपनी ठरवते आणि बदलतेही कंपनीच.

तीन प्रसंग आठवून पाहा. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे माणसांना घरच्यांच्या आणि मित्रमैत्रिणींच्या नोंदी जास्त दिसतील, धंद्यांच्या पानांवरच्या कमी. पानामागे लागलेली माणसं तीच राहिली, पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर पैसे भरून जाहिरात करणं आलं. दुसरा प्रसंग २०२० चा. टाळेबंदीनंतर राज्य सरकारने २८ जूनपासून केशकर्तनालयं आणि पार्लर उघडायला परवानगी दिली, तीही केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग अशा मोजक्या कामांपुरती. लगेच दुसऱ्या दिवशी, २९ जूनला, केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण ज्या बायकांनी आपली सगळी ओळख टिकटॉकवर उभी केली होती, त्यांची ती ओळख एका सरकारी आदेशासरशी गेली. तिसरा प्रसंग ४ ऑक्टोबर २०२१ चा. रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही एकदम बंद पडले ते सुमारे सहा तास. ती रात्रीची वेळ होती म्हणून आपल्याकडे फारसं बिघडलं नाही. पण "मी एकावर अवलंबून नाही, माझं तीन ठिकाणी आहे," असं म्हणणाऱ्या बायकांना त्या रात्री कळायला हवं होतं की तिन्ही ठिकाणांचा मालक एकच आहे.

अॅपवरून घरोघरी जाणाऱ्या ब्युटिशियन बायकांची गोष्ट याच जातीची. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला 'अर्बन कंपनी'च्या कार्यालयाबाहेर या बायकांनी निदर्शनं केली. कंपनीचं कमिशन, दंड, कामाच्या अटी याविरुद्ध त्यांची तक्रार होती. कंपनीला काही अटी सैल कराव्या लागल्या. डिसेंबरमध्ये पुन्हा आंदोलन झालं, तेव्हा कंपनी या बायकांविरुद्ध कोर्टात गेली. कंपनी त्यांना 'पार्टनर' म्हणत होती. पण गिऱ्हाईक अॅपचं असेल, तर भागीदारी कसली?

आपल्यापैकी काहीजणी विचारतील की पार्लरसाठी स्त्री-चळवळीने एवढं डोकं का शिणवावं? १९९६ साली त्या वेळच्या बंगलोरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली, तेव्हा स्त्री-संघटना विरोधासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. मी तेव्हा लहान होते, पण त्या विरोधाच्या गोष्टी ऐकतच मी या कामात आले. गोरेपणाच्या बाजाराबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण पार्लर चालवणारी बाई म्हणजे तो बाजार नव्हे. कमी भांडवलात, घर आणि पोरं सांभाळून, रात्रीचा प्रवास न करता करता येईल असं काम तिला हेच सापडलं. आणि गल्लीतलं पार्लर ही बायकांनी निवांत बसून बोलायची जागा आहे. आमच्या केंद्राचा पत्ता कितीतरी बायकांना पार्लरच्या खुर्चीत मिळालाय.

उलट, फक्त पेजवर अवलंबून राहिलं की तो बाजार जास्तच मानगुटीवर बसतो, असं माझं निरीक्षण आहे. गल्लीतल्या बाईला हवं असतं डोक्याला तेल-मालिश, आयब्रो, बारशाला किंवा डोहाळजेवणाला साडी नेसवून देणं. पेजवर चालतं ते 'आधी' आणि 'नंतर'चं चित्र. आधी सावळी, नंतर उजळ. रोज काहीतरी नवं टाकलं नाही तर पान मागे पडतं, म्हणून गिऱ्हाइकाचे फोटो न विचारता टाकले जातात. नवरीचा चेहरा जाहिरात होतो. ब्युटिशियन बाई दिवसभर पार्लरमध्ये राबते आणि रात्री रील बनवत बसते. या दुसऱ्या पाळीचा पगार तिला कुणी देत नाही.

म्हणून पेज बंद करा, असं मी म्हणत नाही. ज्या बाईला उंबऱ्याबाहेर पाटी लावायलाही सासूची परवानगी लागते, तिला या माध्यमाने गिऱ्हाईक मिळवून दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पेज असावं. पण ते दुकानाची खिडकी असावं, दुकानाचा पाया नव्हे.

मग पाया कशाचा? बैठकांत आम्ही आता जे सांगतो ते असं.

पहिलं, वही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, फोन, कामाची तारीख, घेतलेली आगाऊ रक्कम कागदावर लिहा. नंबर लिहिण्याआधी विचारा आणि तो दुसऱ्या कुणाला देऊ नका. पेज बंद पडलं तरी वही उघडते.

दुसरं, नाव. पेज स्वतःच्या नावावर घेतलेल्या सिमकार्डावर उघडा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा. धंद्याचे कागदही स्वतःच्या नावे करा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. आपण त्याला गुमास्ता म्हणतो. 'उद्यम' नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. या कागदांवर बँकेत धंद्याचं खातं काढता येतं, मुद्रा योजनेत 'शिशु' गटातल्या ५० हजारांपर्यंतच्या कर्जासाठी अर्ज करता येतो. बँक तुमच्या पानाला किती पसंत्या आहेत हे विचारत नाही.

तिसरं, पंचक्रोशी. पाटी परत लावा. खडकवासला जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, सिंहगड रस्त्याच्या कडेने सोसायट्या वाढतायत. तिथल्या नोटीस बोर्डावर एक कागद, ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे एक कार्ड, मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाशी ओळख, संक्रांतीच्या हळदीकुंकवात चार शब्द. चिंचवडची नवरी एकदाच येते. शेजारची बाई दर महिन्याला येते, आणि तिच्या मुलीच्या लग्नातही तुम्हालाच बोलावते.

चौथं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, संघटना. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. ज्यांना कुणी कामगार मानत नव्हतं, त्या बायकांनी एकत्र येऊन ओळखपत्रं मिळवली, भाव ठरवले. पार्लरवाल्या बायका मात्र पेजवर एकमेकींच्या स्पर्धक होऊन बसल्यात. ही दोनशेत फेशियल, तर ती दीडशेत. एका भागातल्या दहा-बाराजणींनी बसून किमान दर ठरवले, एकीचं बाळंतपण असेल तेव्हा दुसरीने तिची गिऱ्हाइकं सांभाळून परत दिली, तर कोणतंही पेज देणार नाही इतकी सुरक्षितता मिळेल. आपल्या संघटनांनी बचत गटांच्या पलीकडे जाऊन हे काम हाती घ्यावं, अशी माझी विनंती आहे.

राहिली ती बाई. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही छळ मानलेला आहे. तिच्या अर्जात दागिन्यांच्या बरोबरीने आम्ही पेजही लिहिलं. निकाल अजून लागायचाय. पण माहेरी आणलेल्या पिशवीत हीटर आणि कात्र्यांखाली तिची जुनी वही निघाली, २०२० पर्यंतची. तिने एकेक नंबर फिरवला. काही लागले नाहीत, काहीजणी गाव सोडून गेल्या होत्या. पण जुन्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याचजणी आल्या, आणि त्यांच्याकडूनच तिने त्या लग्नघरांचे पत्ते शोधायला सुरुवात केली. जिथे पोचता आलं तिथे तिने आगाऊ रक्कम परत केली. आईच्या दारावर आता पाटी आहे, तिच्या स्वतःच्या नावाची.

आमच्या रजिस्टरात आता एक रकाना वाढलाय. 'मोबाइल, पेज, पासवर्ड कुणाच्या ताब्यात?' तुमच्या केंद्रात असे अनुभव आले असतील तर जरूर कळवा. आणि तोवर, तुमच्या ओळखीच्या पार्लरवाल्या ताईला पुढच्या खेपेला एवढंच विचारा, "वही आहे ना?"