मोबाईल गेममधून ग्रामसभा कळेल का?

ग्रामसभेची गणपूर्ती किती असते? शिरूर तालुक्यातल्या निमोणेसारख्या गावात आठवी-नववीच्या मुलांना हा प्रश्न विचारला आणि परीक्षा जवळ आलेली असेल, तर उत्तर लगेच मिळेल: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जो आकडा कमी असेल तो. पण तेवढी माणसं जमली नाहीत आणि सभा तहकूब झाली, तर पुन्हा घेतलेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मोजक्या लोकांच्या उपस्थितीत कोणता विषय मंजूर होतो आणि त्याचा फायदा कुणाला होतो, ही खरी मेख आहे. ती धड्यात सहसा सापडत नाही. गावात राहूनच कळते, आणि तीही बहुतेक वेळा उशिराच.

नियम माहीत असणं आणि तो वापरता येणं यातलं हे अंतर व्हिडिओ गेमने भरून काढता येईल का, यावर जगभर बरीच वर्षं प्रयोग सुरू आहेत.

मोबाईल घरात आहेच

गेम म्हटलं की पालकांना आधी पब्जी आठवतो. त्या गेमवर भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्यानंतर चर्चा झाली ती पैसे लावून खेळायच्या ॲप्सची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने अशा खेळांवर बंदी घातली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक-सामाजिक खेळांना प्रोत्साहन द्यायचंही म्हटलं आहे. बंदीची मोठी बातमी झाली, प्रोत्साहनाची फारशी झाली नाही.

‘असर’ या पाहणीचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताबद्दल सांगतो की, १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे फोन द्यायचा की नाही, हा वाद बऱ्याच घरांत केव्हाच मागे पडला आहे.

दोन्ही बाजूंनी खेळायचा खेळ

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी निवृत्तीनंतर, २००९ मध्ये, ‘आयसिव्हिक्स’ हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या एका गेममध्ये विद्यार्थी वकिलांचं ऑफिस चालवतो. अशील येऊन तक्रार सांगतो आणि त्याचा खरोखर कुठला हक्क डावलला गेला आहे का, हे विद्यार्थ्याला ठरवावं लागतं. तिथल्या लाखो मुलांनी हे गेम शाळेत खेळले आहेत.

शांततेच्या बाबतीत ‘पीसमेकर’ हा २००७ चा गेम आजही अभ्यासला जातो. खेळणारा इस्रायलचा पंतप्रधान होतो किंवा पॅलेस्टाईनचा अध्यक्ष. गंमत अशी की, फक्त स्वतःच्या लोकांना खूश ठेवून जिंकता येत नाही. दोन्ही समाजांचं समाधान एकदम वाढावं लागतं. एका बाजूला झुकलं की दुसरीकडे भडका उडतो. मग तोच खेळ समोरच्याच्या खुर्चीत बसून खेळायचा. पाठ्यपुस्तकाला हे जमत नाही.

भारतातही याची सुरुवात झाली आहे. शांतता आणि शाश्वत विकासाच्या शिक्षणासाठी युनेस्कोने २०१२ मध्ये नवी दिल्लीत महात्मा गांधींच्या नावाने संस्था स्थापन केली. तिने घेतलेल्या स्पर्धेतून ‘वर्ल्ड रेस्क्यू’ हा मोबाईल गेम तयार झाला. केनिया, नॉर्वे, ब्राझील, चीन आणि भारत या देशांतली तरुण पात्रं त्यात आहेत.

पण मग अडलं कुठे?

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘बॅड न्यूज’ नावाचा गेम आणला. त्यात खेळणाराच खोट्या बातम्या पसरवतो आणि ते करताना त्यामागच्या क्लृप्त्या ओळखायला शिकतो. पाश्चात्त्य देशांत त्याचे निकाल चांगले आले. पुढे त्याच धर्तीवर व्हॉट्सॲप ग्रुपसारखा दिसणारा एक गेम उत्तर भारतासाठी बनवून तपासला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मात्र गेमचा परिणाम आढळला नाही.

महाराष्ट्राने हा निकाल गांभीर्याने घ्यायला हवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. इथे खोटा मेसेज ओळखता न येण्याची किंमत फार मोठी आहे. पण बाहेरून आणलेला गेम नुसता भाषांतरित केला, तर तो इथल्या मुलांच्या हाती पडेल, डोक्यात उतरेलच असं नाही.

तंटामुक्तीचे गुण

खरं तर गुण देऊन शांतता आणायचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्राने गेमशिवाय करून पाहिला आहे. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, भावकीचे वाद गावातच समितीपुढे मिटवायचे. त्याचं मूल्यमापन व्हायचं आणि गावाला लोकसंख्येनुसार बक्षीस मिळायचं. अनेक जुने वाद मिटले. पण गुणांसाठी तंटा मिटवणं आणि गुणांसाठी तो दाबणं यात फरक असतो, आणि दुबळ्या बाजूला तो लगेच कळतो. गेम बनवणाऱ्यांपुढचा पेच नेमका हाच आहे: गुण कशाला द्यायचे?

निमोणेचा परिसर घोड नदीच्या पट्ट्यातला. इथला संघर्ष ओळखीचा आहे. पाटाचं आवर्तन कधी सुटणार, वरच्यांनी उपसा केल्यावर टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचणार का, डीपी जळाला तर कुणाची मोटर आधी चालणार. या भागाचा गेम बनवायचा तर तो यावर बनवावा. एकदा वरच्या शेतकऱ्याच्या भूमिकेत खेळायचं, एकदा टेलच्या आणि एकदा सरपंचाच्या. त्यात तहकूब ग्रामसभाही असावी.

सगळंच गेममध्ये घालता येईल असं नाही. १ जानेवारी २०१८ ला याच शिरूर तालुक्यात, कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. त्यात एका तरुणाचा जीव गेला. त्या घटनेच्या वेगवेगळ्या आठवणी घेऊन आलेली मुलं एकाच वर्गात बसत असतील, तर ‘लेव्हल पार’ करायला लावणं हा उथळपणा ठरेल. तिथे बोलावंच लागेल आणि ते बोलणं सांभाळणारा शिक्षक लागेल.

असे शिक्षक महाराष्ट्रात आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे ते घराघरांत पोहोचले. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा देशांतल्या मुलांच्या सहा आठवड्यांच्या जोड्या लावून त्यांना इंटरनेटवर एकमेकांशी बोलायला लावण्याच्या त्यांच्या उपक्रमाची चर्चा त्या मानाने कमी झाली. त्यात गेम नव्हता, पण ‘पीसमेकर’मध्ये खेळणारा जी खुर्ची बदलतो, ती इथे खऱ्या माणसासमोर बदलली गेली.

निमोणेसारख्या गावात सुरुवात करायला मोठी कंपनी लागणार नाही. ‘स्क्रॅच’सारखं मोफत सॉफ्टवेअर शाळेतल्या साध्या संगणकावर चालतं. संगणक बंद असेल, तर तोच खेळ पुठ्ठ्यावर, सोंगट्या घेऊन खेळता येतो. पाट, चाऱ्या आणि टेल कुठे आहे, हे मुलांना कुणी शिकवायची गरज नाही. राज्यात कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पुठ्ठ्यावर खेळलेला डाव मुलांना तिथे प्रत्यक्ष बघता येईल.