चौदाशे वर्षे आणि एक कोरा कागद

कामशेतजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूवरून आळंदीला जाते. आळंदीच्या ज्ञानदेवांना भेटायला निघालेल्या चांगदेवांची गोष्ट मावळात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. योगबळाने मृत्यूला दर वेळी परतवून लावत चांगदेव १,४०० वर्षे जगले, अशी आख्यायिका आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, तेव्हा मायनाच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? अखेर त्यांनी कोराच कागद पाठवला. त्याचे उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. ते लिहिणारे ज्ञानदेव १२९६ साली, एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाले.

चांगदेवांची हौस आज नव्या वेशात परतली आहे. माणूस शरीराने अमर होऊ शकतो, निदान शेकडो वर्षे जगू शकतो, असे मानणारे लोक आता आश्रमात नव्हे, तर प्रयोगशाळांत आणि कंपन्यांच्या कार्यालयांत भेटतात. हजार वर्षे जगणारा पहिला माणूस कदाचित आजच आपल्यात असेल, असे ब्रिटिश संशोधक ऑब्रे डी ग्रे सांगत आले आहेत. अमेरिकेत १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड या प्राध्यापकांचा मृतदेह पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने गोठवण्यात आला. तो आजही जपून ठेवला आहे. त्यानंतर अनेकांनी हाच मार्ग धरला, पण परत उठलेला एकही नाही.

सध्या सर्वाधिक चर्चा आहे ती ब्रायन जॉन्सन या अमेरिकी उद्योजकाची. ‘मरू नका’ हेच त्याचे घोषवाक्य. २०२३ मध्ये त्याने आपल्या किशोरवयीन मुलाच्या रक्तातील प्लाझ्मा स्वतःच्या शरीरात घेतला. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ वाचलेल्या मराठी वाचकाला ही कथा नवी वाटणार नाही. वार्धक्य आले म्हणून मुलाचे तारुण्य मागणारा बाप आपल्याकडे महाभारतापासून आहे. तरुणांचा प्लाझ्मा घेण्याने वार्धक्यावर उपचार होतो याला पुरावा नाही आणि त्यात धोका आहे, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्येच दिला होता. पुढे जॉन्सननेही फायदा दिसला नसल्याचे सांगितले.

या खटाटोपामागे विज्ञान अजिबात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, तर साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकचे टोपण असते, तसे गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. प्रत्येक विभाजनात ते थोडे झिजतात. ती झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या संशोधनाला २००९ चे नोबेल मिळाले. मग हे विकर वाढवले की काम झाले, असे कोणालाही वाटेल. अडचण अशी, की बहुतेक कर्करोगाच्या पेशी नेमके हेच करतात. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकी महिला १९५१ मध्ये कर्करोगाने ३१ व्या वर्षी गेली. तिच्या गाठीतील पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. पेशी अमर झाल्या, बाई गेली. थांबणे विसरलेली पेशी शरीराला वाचवत नाही, संपवते.

रॅपामायसिन या औषधाने उंदरांचे आयुष्य वाढल्याचे २००९ मध्ये दिसले. माणसात मात्र हे औषध रोगप्रतिकारशक्ती दाबते. जॉन्सनने ते काही वर्षे घेतले आणि २०२४ मध्ये दुष्परिणामांमुळे सोडून दिले.

‘पण माणसाचे आयुष्य वाढते आहेच की!’ असा युक्तिवाद होतो. इथे सरासरी आणि कमाल मर्यादा यांची गल्लत होते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते, आज ते ७० च्या आसपास आहे. ही वाढ मुख्यतः लहान मुले आणि बाळंतिणी वाचल्यामुळे झाली. लसी, स्वच्छ पाणी, प्रतिजैविके आणि रुग्णालयातील प्रसूती यांचे ते श्रेय आहे. कमाल वयाचा विक्रम मात्र फ्रान्सच्या जान काल्माँ यांच्या नावावर आहे. त्या १२२ वर्षे जगून १९९७ मध्ये वारल्या. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

दावे कसे तपासावेत, याचा धडा कामशेतहून थोड्याच अंतरावर, लोणावळ्यात मिळतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम स्थापन केले ते योगाचे परिणाम यंत्राने मोजण्यासाठी. योगी हृदय थांबवू शकतात, असा दावा त्या काळी सर्रास केला जाई. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय व अमेरिकी संशोधकांच्या तपासणीत मनगटाची नाडी लागेनाशी झाली, पण हृदयाचा आलेख चालूच राहिला. मोजमापाने योगाचा मान कमी झाला नाही. योग काय करतो आणि काय करत नाही, एवढेच कळले.

आज चिरतारुण्याच्या पुड्या आणि सलाइनच्या बाटल्या विकल्या जातात, तेव्हा हे मोजमाप कोणी मागत नाही. प्रयोग माणसांवर झाला का, किती जणांवर, किती वर्षे, हे न विचारताच पैसे दिले जातात. आणि रक्तदाबाची रोजची स्वस्त गोळी मात्र ‘आता बरे वाटतेय’ म्हणून बंद होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे. मावळातल्या भातखाचरात घोणस चावली, तर आयुष्य ठरते ते सरकारी रुग्णालयात किती लवकर पोहोचलो आणि प्रतिसर्पविष लस मिळाली का, यावर.

अमरत्वाच्या स्वप्नाची खरी किंमत मात्र अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर कळते. मृत्यू म्हणजे कोणाची तरी चूकच, असे एकदा मनात बसले, की नव्वदीच्या, सर्व अवयव थकलेल्या आजोबांसाठी मुले जमिनीचा तुकडा विकतात. आजोबांना काय हवे होते, हे कोणी कधी विचारलेलेच नसते. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. तरी बहुतेक घरांत तो कागद कोराच आहे.

दीर्घायुष्याचे संशोधन चालू राहावे, त्यातून म्हातारपणाची दुखणी कमी व्हावीत. पण या आठवड्यात करण्यासारखी दोन कामे आहेत: घरातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजून घ्यावा आणि ज्येष्ठांशेजारी बसून त्यांच्या शेवटाबद्दलची इच्छा विचारावी. दुसरे काम अवघड आहे, म्हणूनच ते आजोबा धडधाकट असताना करावे.