उजेडाचा अखत्यार

संगणकाच्या कळफलकावर सर्वांत वरच्या ओळीत एक लहान आणि एक मोठा असे दोन सूर्य कोरलेल्या ज्या दोन कळा असतात, त्या दाबल्या असता पडद्याचा उजेड उणा-अधिक व्हावा एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. आणि विंडोज घालून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर ही अपेक्षा इतक्या बिनबोभाट पुरी होते, की त्या कळांमागे काही कारभार चालतो याची शंकादेखील कोणास येत नाही. त्याच लॅपटॉपवरून विंडोज उतरवून लिनक्स अथवा एखादी बीएसडी चढविली, की मात्र कित्येकदा असे घडते, की वायफाय जोडले जाते, आवाज उमटतो, प्रिंटरही मुकाट्याने कागद ओकू लागतो, आणि हे दोन सूर्य तेवढे ढिम्म राहतात. या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत ही तक्रार नेमाने येते, आणि पत्रलेखकाचा सूर बहुधा असा असतो, की जिला एवढीशी गोष्ट साधत नाही त्या प्रणालीच्या थोरवीचे पोवाडे कशाला गावे? प्रश्न रास्त आहे. परंतु गोष्ट एवढीशी नाही, आणि दोष ज्याच्या माथी मारला जातो त्याचा तो बहुधा नसतो.

पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे. जुन्या थिंकपॅडवर एफएन कळ धरून होम अथवा एंड दाबली, की यंत्राच्या पोटातला एक लहानसा कंट्रोलर परस्पर उजेड वाढवी वा घटवी. वर कोणती कार्यप्रणाली चालू आहे याची विचारपूस करण्याचे त्याला कारण नसे. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी एसीपीआय नावाची संहिता प्रसिद्ध केली, आणि हा सुटसुटीतपणा हळूहळू संपुष्टात आला. संहितेचा हेतू वाजवीच होता. वीज कोठे किती खर्चावी याचा निर्णय फर्मवेअरने आपल्या कोपऱ्यात बसून न घेता, सर्व परिस्थिती जिला ठाऊक असते त्या कार्यप्रणालीने घ्यावा; त्यासाठी निर्मात्याने आपल्या यंत्राचे वर्णन आणि ते चालविण्याच्या कृती एका ठराविक संकेतभाषेत लिहून फर्मवेअरमध्ये ठेवाव्यात, आणि कार्यप्रणालीने त्या वाचून अमलात आणाव्यात, अशी ती योजना. पडद्याच्या उजेडापुरत्या मुख्य कृती तीन: बीसीएल ही उपलब्ध पायऱ्यांची यादी देते, बीसीएम सांगितलेली पायरी लागू करते, आणि बीक्यूसी चालू पायरी कळविते. कळ दाबली गेल्याची वर्दीसुद्धा क्रमांकानेच येते. षोडशमान पद्धतीतले ८६ आले तर वाढवा, ८७ आले तर घटवा. कागदावर याहून नेटका बंदोबस्त कल्पिता येणार नाही.

कागदाबाहेरची हकीकत निराळी आहे. १९९९ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या एका ई-पत्रात, एसीपीआयची ही व्यवस्था कशी तरी विंडोजपुरती राखता येईल काय, अशी पृच्छा केलेली आहे. श्रम आपण आणि आपल्या भागीदारांनी करावेत आणि लिनक्सने आयते फळ चाखावे, हे त्यांना खटकत होते. आयोवा राज्यात मायक्रोसॉफ्टवर झालेल्या खटल्यात ते पत्र पुराव्यादाखल सादर झाले आणि जगाला वाचावयास मिळाले. त्याच्या आधारावर कारस्थानाची मोठी कादंबरी रचणारे पुष्कळ आहेत. मला ती रचना पटत नाही. एका पृच्छेवरून कारस्थान सिद्ध होत नाही, आणि येथे कारस्थानाची गरजही नव्हती; उदासीनता पुरेशी होती. निर्माता आपले फर्मवेअर विंडोजवर पारखतो, तेथे ते चालले की माल बाजारात रवाना करतो, आणि संहितेतील एखादे कलम त्याने चुकीचे उतरविले असले तरी विंडोजला त्याची बाधा होत नाही तोवर त्या चुकीची दखल घेण्याचे त्याला प्रयोजन उरत नाही.

या उदासीनतेशी जुळवून घेण्यासाठी लिनक्सला जे सोंग घ्यावे लागले ते मोठे मनोरंजक आहे. संहितेत ओएसआय नावाची एक कृती आहे. तिच्याद्वारे फर्मवेअर वरच्या प्रणालीला विचारते, की अमुक प्रणालीची रीत तुला अवगत आहे काय? फर्मवेअर विंडोजच्या एकेका पिढीचे नाव घेत जाते, आणि लिनक्स प्रत्येक नावाला निर्विकारपणे होकार देत जाते. उलट फर्मवेअरने ‘लिनक्स’ हेच नाव उच्चारले, तर लिनक्स साफ कानांवर हात ठेवते. एकेकाळी ती याही प्रश्नाला खरे उत्तर देई. परंतु त्या उत्तरावरून फर्मवेअरने जी वाट धरावयाची, ती वाट कारखान्यात कोणी धड चालून पाहिलेली नसे, आणि खरे बोलणाऱ्याच्याच वाट्याला बिघाड येत, असा अनुभव आल्यावर खरे बोलणे बंद करण्यात आले. धर्मराजाला अश्वत्थाम्याच्या प्रकरणी जे एकदाच करावे लागले, ते लिनक्सला दरवेळी यंत्र सुरू होताना करावे लागते. आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचे धाडस निदान मला होत नाही.

सोंग घेतले की ते निभावणे आले, आणि तेथेच २०१२ मध्ये घोटाळा झाला. त्या वर्षी आलेल्या विंडोज ८ ने, जिची ओळख फर्मवेअरला ‘विंडोज २०१२’ या नावाने पटते, उजेडाचे काम एसीपीआयच्या कृतींमार्फत करविणे सोडून ते थेट ग्राफिक्स ड्रायव्हरवर सोपविले. साहजिकच निर्मात्यांनी बीसीएल-बीसीएम यांची निगा राखणे सोडले. त्या कृती फर्मवेअरमध्ये नावापुरत्या राहिल्या, काही यंत्रांवर तर आज्ञा स्वीकारून काहीच न करण्याइतपत निगरगट्ट झाल्या. इकडे ‘मी विंडोज २०१२’ असे सांगून मोकळी झालेली लिनक्स मात्र जुन्याच दाराशी अर्ज घेऊन उभी! ज्यांच्या कळा त्या सुमारास मेल्या त्यांना तो एक जादूचा मंत्र आठवत असेल: यंत्र सुरू होताना कर्नेलला ‘एसीपीआय_ओएसआय’ या कलमाखाली विंडोज २०१२ हे नाव नाकारावयास सांगावे, अथवा ‘एसीपीआय_बॅकलाइट’ या कलमापुढे ‘नेटिव्ह’, ‘व्हेंडर’, ‘व्हिडिओ’ यांपैकी एक शब्द लिहून कोणाचे ऐकावयाचे ते एकदाचे ठरवून द्यावे.

ते ठरवावे लागते, कारण उजेडाच्या या वतनावर एकाच वेळी तीन भाऊबंद हक्क सांगतात. पहिला फर्मवेअर, दुसरा त्या त्या निर्मात्याच्या यंत्रासाठी लिहिलेला खास ड्रायव्हर, आणि तिसरा प्रत्यक्ष दिव्याच्या तारेवर बोट ठेवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर. लिनक्सच्या दस्तऐवजांत यांचा मानक्रम लिहून ठेवलेला आहे, आणि त्यात फर्मवेअरला पहिला मान नि ग्राफिक्स ड्रायव्हरला शेवटचा. विंडोज ८ नंतरच्या यंत्रांवर व्यवहार नेमका उलट्या क्रमाने चालू झाला, तरी लिखित क्रम आपल्या जागी शाबूत राहिला. सरकारी दप्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटू नये.

युनिक्सच्या परंपरेचा एक मोठा गुण असा, की हा तंटा चव्हाट्यावर पाहता येतो. उपकरणदेखील फाइलच्या रूपाने समोर यावे, हा बेल प्रयोगशाळेत १९६९ नंतर रुजलेला संकेत लिनक्सने पुढे चालविला असल्यामुळे, ‘सिस’ या फोल्डरात ‘क्लास’ आणि त्यात ‘बॅकलाइट’ उघडले, की दावेदार नावानिशी हजर असतात. माझ्या एका जुन्या यंत्रावर तेथे दोघे आहेत: ‘एसीपीआय_व्हिडिओ०’, ज्याची कमाल मर्यादा १५, आणि ‘इंटेल_बॅकलाइट’, ज्याची ४८८२. पहिल्याच्या ‘ब्राइटनेस’ या फाइलीत ३ लिहिले, तर ती ३ नोंदवून घेते, पुन्हा विचारले तर ३ च सांगते, आणि पडदा पूर्वीइतकाच लखलखीत राहतो. नोंद झाली, अंमल झाला नाही. दुसऱ्याच्या फाइलीत ५०० लिहिताक्षणी पडदा मावळतो. डेस्कटॉपने या दोघांपैकी पहिल्याला मुखत्यार मानले असेल, तर पडद्यावर उजेडाची पट्टी थाटात खालीवर सरकत राहते आणि दिव्याला त्याचा पत्ता नसतो. कळ मेली म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यांतील एक मोठा वाटा याच जातीचा असतो.

त्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला नसतो, आणि येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावून तो आकडा ‘इको’च्या द्वारे फाइलीकडे वळवितो, आणि तरीही परवानगी नाकारली जाते, कारण सुडोने रूटचा अधिकार मिळतो तो इकोला, आणि फाइल उघडणारा असतो शेल, जो आपल्या मूळच्या सामान्य अधिकारावरच असतो. तोच आकडा नळीतून ‘सुडो टी’कडे दिला की फाइल टी उघडतो आणि काम होते. कायमचा उपाय म्हणजे युडेव्हचा एक नियम लिहून ती फाइल ‘व्हिडिओ’ या गटाच्या स्वाधीन करणे.

हे सर्व करण्यापूर्वी कळ खरोखर पोहोचते की नाही ते पाहावे, हे सांगणे खरे तर अगोदर यावयास हवे होते. ‘इव्हीटेस्ट’ चालवून कळ दाबली आणि २२४ अथवा २२५ हा संकेतांक उमटला, तर कर्नेलपर्यंत वर्दी गेली. मग दोष कळीचा नाही. नोम आणि केडीई यांच्यासारखे भरजरी डेस्कटॉप ती वर्दी स्वतःच ऐकतात. आय३ अथवा स्वे यांसारखे मितभाषी विंडो-व्यवस्थापक ऐकत नाहीत, आणि तेथे कळीला आज्ञा आपणच बांधून द्यावी लागते. वर्दीच आली नाही, तर मात्र पुन्हा ओएसआयच्या वाटेने जाणे आले.

बीएसडीच्या घराण्यात हा संसार थोडा शांत आहे. ओपनबीएसडीत ‘डब्ल्यूएसकॉन्सकंट्रोल’ ही एकच आज्ञा उजेड टक्केवारीत सांगते आणि टक्केवारीतच स्वीकारते. यंत्र कोणत्या निर्मात्याचे, याची वापरकर्त्यापुढे वाच्यता होत नाही. फ्रीबीएसडीत पुष्कळ काळ थिंकपॅडसाठी एक सिस्कंट्रोल आणि इतरांसाठी दुसरा असा निर्मात्यानुसार भेद होता. २०२१ मध्ये आलेल्या १३.० या आवृत्तीने ‘बॅकलाइट’ ही एक सामाईक आज्ञा दिली. लिनक्सनेही २०२२ च्या डिसेंबरातील ६.१ या आवृत्तीत एका पडद्यासाठी एकच दावेदार नोंदवावा अशी फेररचना केली. जे काम दहा वर्षांपूर्वी व्हावयास हवे होते ते उशिरा झाले, एवढेच म्हणतो. परंतु ते करणाऱ्यांनी शेकडो यंत्रांचे अपवाद एकेक करून नोंदविले आहेत, आणि ज्या निर्मात्यांच्या हलगर्जीपणामुळे ही नोंदवही वाढली त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तीत स्वतः एक ओळ लिहिली आहे. म्हणून नवा लॅपटॉप घेणाऱ्या वाचकांस माझा आग्रह असा, की पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन दुकानात जावे, दुकानदाराच्या परवानगीने त्यावरून यंत्र सुरू करावे, आणि प्रोसेसरच्या गीगाहर्ट्‌झची चौकशी करण्यापूर्वी ते दोन सूर्य दाबून पाहावेत.

कळ चालू झाली म्हणजे उजेड मनासारखा झाला असे नव्हे. वर आलेला ४८८२ हा आकडा पुष्कळांना विक्षिप्त वाटतो. पडद्यामागचा दिवा मंद होतो तो वीज कमी केल्याने नव्हे, तर डोळ्याला न कळेल इतक्या वेगाने त्याची उघडझाप केल्याने; उघडझापीच्या एका आवर्तनात घड्याळाचे जितके ठोके पडतात तितकी ती कमाल मर्यादा, आणि त्यांपैकी किती ठोके दिवा तेवत राहावा तो आपण लिहिलेला आकडा. आता डोळ्याची रीत अशी, की त्याला फरक जाणवतो तो बेरजेचा नव्हे, पटीचा: १०० वरून २०० वर गेले की उजेड भसकन वाढल्यासारखा वाटतो, आणि ४७०० वरून ४८०० वर गेल्याचे गावीही नसते. म्हणून प्रत्येक दाबाला ठराविक संख्या मिळवीत जाणारी आज्ञा रात्रीच्या अंधारात नेहमी एक पायरी अतिच करते. चालू आकड्याला सव्वापट करणारी अथवा त्याच प्रमाणात उतरविणारी आज्ञा बांधावी.

आणि शून्यापासून जपावे. काही यंत्रांवर शून्य म्हणजे किमान उजेड, काहींवर शून्य म्हणजे दिवाच बंद. कोणत्या यंत्रावर काय, हे आकड्यावरून कळत नाही, आणि काळ्या पडद्यावर आकडा परत वाढविण्याची आज्ञा आंधळेपणाने टंकित करावी लागते. यंत्र बंद होताना उजेड लक्षात ठेवणारी आणि सुरू होताना तो परत लावणारी सिस्टीमडीची जी सेवा आहे, ती यासाठीच आपल्याकडून एक मर्यादा पाळते: किमान १ अथवा कमाल उजेडाच्या ५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल त्याखाली ती पडद्याला उतरू देत नाही. पडदा बंद पडणार नाही असा आकडा भरवशाने लावण्याची सोय कर्नेल ज्या दिवशी देईल त्या दिवशी ही मर्यादा उठविण्यात येईल, असे तिच्या मॅन्युअलात नमूद आहे.

— कळसूत्री