कर्ज माफ झालं, पण कुणाचं?

1990 मध्ये केंद्र सरकारने शेतकऱ्यांचं दहा हजार रुपयांपर्यंतचं थकलेलं कर्ज माफ करायचं ठरवलं. पाड्यापाड्यांत चर्चा झाली. लोक आम्हाला विचारत होते, "आपलं किती माफ झालं?" उत्तर कडू होतं. जंगलजमीन कसणाऱ्याचं काहीच नाही. बँकेचं नाहीतर सोसायटीचं कर्ज ज्याच्या नावावर, त्यालाच माफी. आपल्याला ते कर्ज कधी मिळालंच नाही. आपलं कर्ज सावकाराच्या वहीत आहे, आणि त्या वहीला माफी नसते.

का मिळालं नाही? सोसायटीत गेलं की पहिला प्रश्न, सातबारा कुठं आहे? आपल्याकडे सातबारा नाही. आपल्याकडे आहेत जंगल खात्याने फाडलेल्या दंडाच्या पावत्या. म्हणजे दंड घेताना सरकारला आपली नागली-वरई दिसते, कर्ज देताना दिसत नाही! 1978 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारनेच घेतला होता. 1990 पर्यंत त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हा 1980 चा वन संवर्धन कायदा पुढे करत होते.

मग आषाढात कणगी रिकामी झाली की माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो. मणाला दीड मण, कधी दोन मण, आणि तेही खळ्यावरूनच उचललं जातं. भाव त्याचा, मापही त्याचंच. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघं गडी म्हणून राबली, हे आपल्या ठाणे जिल्ह्याने पाहिलं आहे. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण जिच्यातून ती आली ती भूक बंद झाली नाही. सरकारची खावटी होती, पण लावणी उरकल्यावर हातात पडली तर काय कामाची? तोवर वहीवर अंगठा उमटलेला असतो.

एक सावधगिरी. काही शहाणे म्हणतात, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकता येत नाही, म्हणून बँका तारण धरत नाहीत. तो कायदा सैल करा. भाऊ-बहिणींनो, या बोलण्याला भुलू नका. 1974 चा कायदा म्हणजे आपल्या शेताचं कुंपण आहे. कर्जासाठी कुंपण मोडलं, तर कर्ज राहील नि शेत जाईल.

आम्ही भीक मागत नाही. आमची मागणी साधी आहे: दंडाची पावती आणि गावपंचनामा यांवर कसणाऱ्याला पीककर्ज द्या. जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर करा. खावटी आषाढाच्या आत वाटा.

आणि आपलं काम? जुन्या पावत्या चुलीत घालू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला टांगा, पुढच्या बैठकीला आणा. वाचून घेतल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नका, मग तो सावकाराचा असो की बँकेच्या शेळी-म्हशीच्या कर्जाचा.

आधी जमीन नावावर, मग कर्ज. जमिनीशिवायचं कर्ज म्हणजे फासच.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!