नातवंडांचा गळा, आजी-आजोबांचा कान

सांगली-साताऱ्याच्या माणसाला गाण्याची थोरवी सांगावी लागत नाही. मिरजेत आजही तंबोरे आणि सतारी घडतात. औंधला १९४० पासून शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ संगीतोत्सव भरतो. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे बालपणी शोभेच्या दारूच्या अपघाताने अधू झाले, तेव्हा उपचारांसाठी त्यांना मिरजेस आणले गेले. तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून त्यांनी सामान्य घरांतील मुलांसाठी गाण्याचे दार उघडले.

मात्र आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांत परिपाठाची प्रार्थना आणि चालीवर म्हटलेल्या कविता एवढेच संगीत उरले आहे. उरलेली जबाबदारी घराची, म्हणजे बहुधा आजी-आजोबांची.

‘गाण्याने गणिताचे गुण वाढतात’ असे अनेक पालक ऐकून असतात. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. गाताना मूल श्वास जपून वापरायला शिकते, शब्द स्पष्ट उच्चारते, दुसऱ्याचे ऐकून आपला स्वर त्यात मिळवते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबते. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ही कमाई थोडी नव्हे.

गाण्याच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सर्दीनंतर काही मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहते. कान दुखत नाही, परंतु ऐकू कमी येते आणि शाळेत ‘लक्ष नाही’ असा शिक्का बसतो. बेसूर गाणे हा आजार नव्हे. अनेक मुलांचा सूर सरावानेच जुळतो. परंतु नातू मागून मारलेल्या हाकेला ओ देत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल किंवा शब्द चुकीचे ऐकत असेल, तर कान अवश्य तपासून घ्यावेत. घसा दोन-तीन आठवडे बसलेला राहिला, तरीही डॉक्टरांना दाखवावे.

घरी रोज दहा मिनिटे पुरेत. आजीने ओवी किंवा भूपाळी म्हणावी, मुलाने मागून म्हणावी. पट्टी मुलाच्या गळ्याला सोसेल अशी असावी. ओरडून गाण्याचा आग्रह नको. टाळीवर मात्रा मोजाव्यात. ‘प्रारंभिक’ परीक्षेची घाई करू नये. गोडी लागली की मूल स्वतःच क्लासला जाऊ म्हणेल. मोबाइलवर गाणे लावायचे झाल्यास कानात इअरफोन नको, आणि आवाज इतकाच असावा की शेजारी बसलेल्याचे साधे बोलणे ऐकू यावे.

या दहा मिनिटांत आपलाही श्वास मोकळा होतो. आणि नातवाचे शब्द आपल्यालाच नीट उमगत नसतील, तर त्याच्याबरोबर आपलेही कान तपासून घ्यावेत. वयाचे म्हणून ते सोडून देऊ नये.